वजन घटल्यावर रुंदावणारी फट

गॅस्ट्रिक बायपास होऊन वर्ष-दोन वर्षे उलटलेली असतात, वजनही मनासारखे उतरलेले असते आणि एके दिवशी जेवणानंतर पोटात कळा सुरू होतात. अशा कळांना ‘गॅस’ म्हणून सोडून देणे धोक्याचे ठरू शकते. कारण काही रुग्णांत त्यांचे मूळ आतड्याच्या अंतर्गत हर्नियात असते.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या भागाची लहान पिशवी करून लहान आतड्याचे एक टोक वर तिला जोडले जाते. दुसरे टोक खाली पुन्हा आतड्यातच जोडतात. आतड्याला रक्तपुरवठा करणाऱ्या वाहिन्या मेसेंटरी नावाच्या चरबीयुक्त पडद्यातून जातात. या फेरजोडणीमुळे त्या पडद्यालगत फटी राहतात. वर ओढलेल्या आतड्यामागची फट जर्मन शल्यविशारद वाल्टर पीटरसन यांच्या नावाने ओळखली जाते. विरोधाभास असा, की वजन घटते तशी पडद्यातील चरबीही झडते आणि फट रुंदावते. तिच्यात आतडे शिरून पिळवटले, तर रक्तपुरवठा तुटून काही तासांत ते सडू लागते.

मग फट शिवून का टाकू नये? स्वीडनमधील १२ केंद्रांत २,५०७ रुग्णांवर झालेल्या चाचणीने याचे उत्तर शोधले. तिचे निष्कर्ष २०१६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. न विरघळणाऱ्या दोऱ्याने फटी शिवल्यावर, आतडे अडल्यामुळे तीन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण १०.२ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आले. मात्र पहिल्या महिन्यातील गंभीर गुंतागुंत २.८ वरून ४.३ टक्क्यांवर गेली; टाक्यांच्या ओढीने खालचा जोड मुडपणे हे त्याचे मुख्य कारण. फायदा मोठा, पण फुकटचा नव्हे.

विरघळणारा दोरा येथे कमी पडतो. चरबी झडत राहते आणि दोरा त्याआधीच नाहीसा होतो. जठर व आतड्याच्या जोडावर मात्र उलटा न्याय. तेथे न विरघळणारा दोरा टोचत राहून व्रणास निमित्त होऊ शकतो. गाठ न मारता धरून राहणारा काटेरी दोरा शल्यविशारदांना सोयीचा वाटतो. पण त्याचे टोक लांब राहिल्यास शेजारचे आतडे त्यात अडकून मार्ग बंद झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. हे सहसा शस्त्रक्रियेनंतर लवकरच घडते.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत आतड्याची फेरजोडणी नसते, म्हणून ही भीतीही नसते. बायपास झालेल्यांनी मात्र कोणत्याही डॉक्टरकडे पोटदुखी सांगताना ती शस्त्रक्रिया प्रथम सांगावी, आणि फटी शिवल्या का व कोणत्या दोऱ्याने, याची नोंद असलेला कागद जपून ठेवावा. उलटी झाली नाही म्हणून निर्धास्त राहू नये. सीटी स्कॅन निर्दोष असूनही कळा टिकल्या, तर दुर्बिणीने आत पाहणे हाच खात्रीचा मार्ग उरतो. गर्भवतींनी अधिक सावध राहावे: वाढते गर्भाशय आतड्यांना वर ढकलते आणि दुखण्याचा दोष सहजच गरोदरपणावर जातो.