विश्रांतीतले काम

धावण्याच्या ताणाने नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली, की डॉक्टर साधारणतः सहा ते आठ आठवडे धावणे बंद करावयास सांगतात. आम्हां धावणाऱ्यांना ही सक्तीची बेकारी वाटते. पण हाडाच्या आत काम चालूच असते. तेथे एका जातीच्या पेशी झिजलेला भाग पोखरून काढतात, दुसऱ्या जातीच्या तो नव्याने भरतात. पोखरणे काही आठवड्यांत उरकते; भरण्याला महिने लागतात. रोजच्या अति धावण्याने पाडणारे पुढे जातात, गवंडी मागे राहतात आणि चीर पडते. विश्रांती मिळाली की गवंडी त्यांना गाठतात. आमची उमेद टिकते ती या भरवशावर. म्हणून आधी न दुखता चालावे, मग एक दिवसाआड थोडे धावावे. कामगारांसाठी आम्ही जी हक्काची सुट्टी मागत आलो, ती आपल्याच हाडाला कशी नाकारावी?