लेकीचा अर्ज तिकडे, कागद इकडे

मैत्रिणींनो, लेक शिकायला अमेरिकेत गेली आणि तिथल्याच नागरिकाशी तिचं लग्न झालं, की आता ती कायमची तिकडची, असं आपण धरून चालतो. पण विद्यार्थी व्हिसा शिक्षणापुरता असतो. कायम राहायला ग्रीन कार्ड लागतं. त्यासाठी नवऱ्याने तिच्या नावाने विनंती करायची आणि तिने स्वतःचा अर्ज भरायचा. दोन्ही एकदमच देता येतात.

सोबत जन्माचा दाखला लागतो. तो शेवगावच्या नगरपरिषदेत किंवा, जन्म गावात झाला असेल तर, तिथल्या ग्रामपंचायतीत बघा. नोंदच नसेल तर तसं लेखी घ्या, जोडीला आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र द्या. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागतंच.

आता आपल्या हातातली गोष्ट. अर्ज चालू असताना, प्रवासाची वेगळी परवानगी न घेता ती इकडे आली, तर तिने अर्ज सोडून दिला असं धरतात. घरात दुःखाचा प्रसंग असला तरी! म्हणून ही परवानगी अर्जासोबतच मागायला सांगा. ती मिळेपर्यंत 'दिवाळीला येच' अशी गळ घालू नका. आईचा जीव तुटतो, आम्हाला कळतं.

कार्ड मिळताना लग्नाला २ वर्षं झालेली नसतील, तर पहिलं कार्ड २ वर्षांचंच असतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुढचा अर्ज करायचा. नवरा मारहाण करत असेल तर तो अर्ज ती एकटीही करू शकते. 'कार्डासाठी सोस' असं फोनवर तिला कुणी सांगू नये.