घोडीपलीकडची पट्टी

आजचें भाषण एका लहानशा लाकडी पट्टीविषयीं आहे. परंतु तिचा परिचय करून देण्यापूर्वीं माझ्या हातून घडलेला एक अन्याय मला सांगितला पाहिजे. कित्येक वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एक मुलगा शाळा सुटल्यावर माझ्याकडे व्हायोलिन शिकावयास येत असे. वाद्य जुन्या बाजारांतून घेतलेलें. एका ठराविक स्वरावर गज आला, कीं त्यांतून माशी गुणगुणावी तसा आवाज निघे, आणि एकंदर नादहि दबलेला. मीं दोन महिने त्या मुलाच्या मनगटाला दोष दिला. शेवटीं तो येईनासा झाला. वाद्य मात्र माझ्याकडेच राहिलें होतें. एके दिवशीं सहज बोट लावून पाहिलें, तों घोडीखालच्या पट्टीवरील एका मळसूत्राची चकती सैल झालेली! ती आवळतांच माशी उडून गेली.

ही पट्टी म्हणजे काय? व्हायोलिनच्या तारा वरच्या अंगाला खुंट्यांस गुंडाळलेल्या असतात. तेथून त्या घोडीवरून खालीं येतात आणि एका निमुळत्या, बहुधा काळ्या पट्टीच्या भोंकांत अडकतात. वादक तिला टेलपीस म्हणतात. मी आज तारपट्टी म्हणेन. आपल्या तंबोऱ्यालाहि भोपळ्याच्या बुडाशीं तारा अडकविण्याची जागा असते, तिला लंगोट म्हणतात. पण लंगोट वाद्याला पक्का जडविलेला असतो. तारपट्टीचें तसें नाहीं. ती वाद्याच्या पोटाला कोठेंहि टेकत नाहीं. एका बाजूला चार तारा आणि दुसऱ्या बाजूला बुडाच्या गुंडीला अडकविलेली वादी, यांच्या ओढाताणींत ती अधांतरीं असते. ही वादी पूर्वीं आतड्याची असे. हल्लीं ती नायलॉनची, केव्हलारसारख्या धाग्याची, क्वचित् पोलादाचीहि असते. चारही तारांचा मिळून ताण 20 किलोंहून अधिक भरतो, आणि तो सारा ही पट्टी पेलते. आतां अधांतरीं असलेली वस्तु ढकलली कीं झुलते, आणि प्रत्येक झुलणाऱ्या वस्तूला स्वतःची कंपनसंख्या असते. सारा प्रकार येथूनच सुरू होतो.

गज फिरला, कीं तार घोडीला डोलविते आणि घोडी पोटाला हलविते. तोच आपणांस ऐकूं येणारा नाद. परंतु त्याच डोलण्यानें घोडीपलीकडचे तारांचे तुकडे हलतात आणि त्यांच्याबरोबर तारपट्टीहि. ती आडवी झुलते, वरखालीं होते, किंचित् पिळतेसुद्धां. यांतील पुष्कळशीं झुलणीं फार खालच्या कंपनसंख्येचीं असतात; व्हायोलिनची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला 196 कंपनें देते, तिच्या आसपास किंवा तिच्याहूनहि खालीं. पट्टीचें असें एखादें झुलणें पोटाच्या अंगभूत कंपनाजवळ आलें, कीं दोघें एकमेकांची शक्ति वांटून घेतात. मग एखादा स्वर मोकळा होतो, तर एखादा मुका पडतो. पट्टी जड केली कीं तिचीं झुलणीं मंदावतात. हलकी केली कीं वर चढतात. म्हणून आबनुसाची पट्टी काढून बॉक्सवुडची लावली, तर त्याच वाद्याचा स्वभाव थोडा पालटल्याचा अनुभव येतो. अमुकच लाकूड उत्तम, असें मात्र कोणी ठासून सांगूं लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवूं नये. एका वाद्याचें औषध दुसऱ्याला लागू पडेलच, असें नाहीं.

घोडीपलीकडच्या तुकड्याचें गणित मला फार आवडतें. घोडीपासून वरच्या आडीपर्यंत तार सुमारें 33 सेंटिमीटर असते. पलीकडचा तुकडा तिच्या सहाव्या हिश्शाइतका, म्हणजे सुमारें साडेपांच सेंटिमीटर, ठेवण्याची कारागिरांची वहिवाट आहे. ताण दोहींकडे सारखा धरला, तर सहावा हिस्सा सहापट कंपनें देईल. मोकळ्या तारेला षड्ज माना. दुप्पट म्हणजे वरचा षड्ज, चौपट म्हणजे त्याच्याहि वरचा, आणि सहापट म्हणजे त्या षड्जाचा पंचम! घोडीच्या पलीकडे गज हळूच फिरवा. तो बारीक, किरकिरा पंचम ऐकूं येईल. तारेच्या टोंकाला गुंडाळलेल्या रेशमामुळें तो थोडा इकडेतिकडे सरकतो. वादी आंखूड किंवा लांब करून हें अंतर जुळवितां येतें.

चेलो या थोरल्या वाद्यांत याच तुकड्याचा आणखी एक उपयोग करतात. त्याच्या पोटाच्या एका जबर कंपनाशीं तारेचा स्वर जुळला, कीं स्वर स्थिर न राहतां गुरगुरूं लागतो. युरोपांत त्याला लांडगा म्हणतात. घोडीपलीकडच्या तारेवर पितळेची लहानशी नळी योग्य जागीं बसविली, कीं लांडगा पुष्कळसा आवरतो.

अमेरिकेंतील कार्लीन हचिन्स (1911–2009) या मूळच्या शाळेंतील विज्ञानशिक्षिका. व्हायोलिनचें ध्वनिशास्त्र हेंच त्यांनीं पुढें आयुष्याचें काम केलें. तारपट्टीची कंपनसंख्या वाद्याच्या इतर कंपनांशीं कशी जुळवावी, याचाहि त्यांनीं अभ्यास केला. आम्हां मास्तरमंडळींस यांत थोडा अभिमान वाटला, तर श्रोत्यांनीं क्षमा करावी. त्यांच्यासारखीं उपकरणें आपल्याजवळ नाहींत. परंतु मेणाची वाटाण्याएवढी गोळी पट्टीला चिकटवून तीच तान पुन्हां वाजविणें कोणालाहि शक्य आहे. गोळी वर, मध्यें, खालीं सरकवीत जावें आणि कान देऊन ऐकावें. घोडी व पोटांतील खांब आधीं ठीक असले पाहिजेत, हें सांगणें नलगे. त्यांचा परिणाम पट्टीहून पुष्कळ मोठा असतो.

त्या मुलाच्या वाद्याकडे पुन्हां येतों. माशी गेली, तरी नाद दबलेलाच होता. पट्टीवर चारही तारांना सूक्ष्म जुळणीचे धातूचे मळसूत्री चाप बसविलेले होते. नुसत्या पट्टीचें वजन दोन तोळ्यांच्या आंतबाहेर. अशा चार चापांनीं तें जवळजवळ दुप्पट होऊं शकतें, शिवाय तार पुढें अडकल्यामुळें पलीकडचा तुकडाहि आंखूड होतो. वरच्या पोलादी तारेचा चाप ठेवून बाकीचे तीन मीं काढले आणि वादी थोडी आवळली. खालच्या दोन तारांचा गळा मोकळा झाला.

तोंवर तो मुलगा वडिलांच्या बदलीमुळें गांव सोडून गेला होता. वाद्य मीं त्याच्या मावशीकडे पोंचतें केलें, आणि माशी कोठें बसली होती, तें एका चिठ्ठींत लिहून पेटींत ठेवलें.