राज्याच्या तिजोरीत ‘गंगाजळी’ असते किती? कर्नाटकच्या अर्थसंकल्पाचा होसकोट्यातून वेध

होसकोटे (बेंगळुरू) : बेंगळुरूच्या पूर्वेला कोलार मार्गावर वसलेल्या होसकोट्यात सरकारी पैसा दोन रूपांत दिसतो. चेन्नईकडे जाणारा द्रुतगती महामार्ग येथून सुरू होतो आणि दाबसपेटे-दोड्डबळ्ळापूरकडून येणारा वर्तुळाकार महामार्गही येथे पोहोचतो. ही दोन्ही कामे केंद्राच्या महामार्ग प्राधिकरणाची. राज्य सरकारचा पैसा मात्र घरात दिसतो: महिलांचा मोफत बसप्रवास, २०० युनिटपर्यंत माफ होणारे वीजबिल आणि कुटुंबप्रमुख महिलेच्या खात्यात दरमहा येणारे दोन हजार रुपये. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बेंगळुरू आणि कोलारबरोबर होसकोट्याचाही समावेश होता, त्यामुळे मराठी वाचकाला हे गाव अगदीच परके नाही.

मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी ७ मार्च २०२५ रोजी २०२५-२६ या वर्षासाठी ४,०९,५४९ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प मांडला. तो त्यांचा सोळावा अर्थसंकल्प होता. त्यात ३,११,७३९ कोटी महसुली खर्चासाठी, ७१,३३६ कोटी भांडवली खर्चासाठी आणि २६,४७४ कोटी जुन्या कर्जाच्या परतफेडीसाठी दाखवले आहेत. महसुली जमा २,९२,४७७ कोटींची धरली आहे. पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने असा दैनंदिन खर्च भागवण्यासही जमा १९,२६२ कोटींनी अपुरी पडते. हीच महसुली तूट. पाच हमी योजनांसाठी ५१,०३४ कोटींची तरतूद असून त्यातील २८,६०८ कोटी एकट्या ‘गृहलक्ष्मी’चे आहेत.

या तुटीचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. कर्नाटकने २००२ मध्येच वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा केला. असा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य. २००४-०५ नंतर अनेक वर्षे राज्य महसुली शिल्लक दाखवत राहिले. करोनाकाळात ती परंपरा खंडित झाली. तूट केवळ हमी योजनांमुळे आहे, असे म्हणणे अर्धवट ठरेल. केंद्रीय करांतील कर्नाटकचा वाटा चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात ४.७१३ टक्के होता, तो पंधराव्या आयोगाने ३.६४७ टक्क्यांवर आणला. वस्तू व सेवा कराची नुकसानभरपाई जून २०२२ मध्ये संपली. शिवाय हा कर वस्तू जेथे बनते तेथे नव्हे, तर जेथे विकत घेतली जाते तेथे जमा होतो. होसकोट्याच्या व्होल्वो कारखान्यात बांधलेली बस पुण्यातील वाहतूकदाराने घेतली, तर राज्याच्या वाट्याचा कर महाराष्ट्राकडे वळतो. जमिनीच्या व्यवहारांवरील मुद्रांक शुल्क मात्र कर्नाटकातच राहते. त्याचे उद्दिष्ट २८ हजार कोटींचे आहे.

मग अडीअडचणीसाठी राज्याकडे साठा काय असतो? संविधानाच्या अनुच्छेद २६७ नुसार राज्याला आकस्मिकता निधी ठेवता येतो. विधिमंडळाच्या मंजुरीपूर्वी करावा लागणारा अनपेक्षित खर्च त्यातून होतो. कर्नाटकात त्याची मर्यादा २०२० मध्ये ८० कोटींवरून ५०० कोटी करण्यात आली. रक्कम मोठी वाटते, पण राज्याचा सरासरी खर्च दिवसाला अकराशे कोटींहून अधिक आहे. म्हणजे हा निधी अर्धा दिवसही पुरणार नाही. महाराष्ट्राची कायम मर्यादा १५० कोटींची आहे. ७,००,०२० कोटींच्या अर्थसंकल्पापुढे तो दोन तासांचाही खर्च नव्हे.

याखेरीज कर्जफेडीसाठी राज्ये रिझर्व्ह बँकेकडे वेगळा निधी साठवतात. हाती उरलेली रोकड केंद्राच्या १४ दिवसांच्या हुंड्यांत आपोआप गुंतवली जाते. ही रक्कम ऐकून ‘राज्याकडे एवढे पैसे पडून आहेत’ असा समज होतो. प्रत्यक्षात त्यातील बराच भाग रोखे विकून उभारलेल्या कर्जाचाच असतो आणि त्यावर मिळणारे व्याज कर्जाच्या व्याजाहून कमी असते. रोकड म्हणजे बचत नव्हे.

राज्याची खरी गंगाजळी म्हणजे कर्ज काढण्याची उरलेली मोकळीक. कर्नाटकच्या कायद्यानुसार राजकोषीय तूट सकल राज्य उत्पन्नाच्या तीन टक्क्यांत आणि एकूण दायित्व २५ टक्क्यांत राहिले पाहिजे. अर्थसंकल्पातील आकडे अनुक्रमे २.९५ आणि २४.९१ टक्के आहेत. कायदा पाळला गेला, हे खरे. पण रुपयांत मांडले तर तुटीच्या मर्यादेपर्यंत सुमारे दीड हजार कोटी आणि दायित्वाच्या मर्यादेपर्यंत पावणेतीन हजार कोटींच्या आसपासच जागा उरते.

ही जागा किती अपुरी आहे, हे २०२३ च्या दुष्काळाने दाखवले. २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. राज्याने केंद्राकडे १८,१७१ कोटी मागितले. मदत लांबल्याने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये ३,४५४ कोटी मिळाले. दरम्यान राज्याने स्वतःच्या तिजोरीतून शेतकऱ्यांना पहिला हप्ता दिला, तो प्रत्येकी कमाल दोन हजार रुपयांचा.

महाराष्ट्राची तुलना अपरिहार्य आहे. १० मार्च २०२५ रोजी अजित पवार यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी, तर ‘लाडकी बहीण’ योजनेची तरतूद ३६ हजार कोटी होती. थेट मदतीमुळे गरीब घरातील खर्चाला आधार मिळतो, यात शंका नाही. मात्र पाऊस हुकला किंवा करवसुली घटली, तर कात्री सहसा भांडवली खर्चालाच लागते. कारण पगार, व्याज आणि खात्यात जाणारे पैसे थांबवता येत नाहीत. मेट्रो ऑक्टोबर २०२३ पासून व्हाइटफील्डपर्यंत सलग धावते. ती पुढे होसकोट्यापर्यंत यावी ही मागणी जुनी असून, त्यासाठी राज्याला उचलावा लागणारा वाटा याच भांडवली खर्चातून येईल.