लाल सोन्याची परीक्षा

विद्यापीठातल्या नॅनो प्रयोगशाळेत कामाला सुरुवात होते ती भांडी घासण्यापासून. तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लाचं अम्लराज चंबूत फिरवायचं, मग शुद्ध पाण्याने खळखळून धुवायचं, पुन्हा पुन्हा धुवायचं. जुन्या प्रयोगातलं सोनं काचेला चिकटून राहिलं, तर नवं सोनं त्याच्यावरच साचतं आणि बॅच फुकट जाते. पीएचडीच्या मुलांची ही चिकाटी शोधनिबंधात एका ओळीतही येत नाही, याची मला खंत वाटते.

सोन्याचा क्षार हवेतली ओल ओढतो, धातूचा चमचा खातो. म्हणून तो प्लास्टिकच्या चमच्याने घेतात. त्याचं फिकट पिवळं द्रावण उकळायला लागलं, की सोडियम सायट्रेट एकदम ओततात. ही टर्केविच यांची १९५१ची रीत. आधी पिवळेपणा जातो, मग द्रावण काळपट होतं, जांभळट होतं आणि काही मिनिटांत डाळिंबाच्या रसासारखं लालभडक. कण साधारण १५ ते २० नॅनोमीटरचे झाले. केसाच्या जाडीत असे हजारो ओळीने मावतील. ते ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून लाल दिसतात. सायट्रेट कमी घातलं, तर कण मोठे होतात.

नॅनो म्हटलं की कॅन्सरवरच्या चमत्कारांच्या बातम्या येतात. पण घरोघरी खरोखर पोचलेलं नॅनो-सोनं बघायचं तर गर्भचाचणीची पट्टी घ्यावी. तिच्यावरची लाल रेघ बहुतेक वेळा याच कणांची असते, त्यांना प्रतिपिंडं चिकटवलेली असतात.

हे चिकटवणंच अवघड. सायट्रेटमुळे कणांवर ऋणभार असतो, ते एकमेकांना दूर ठेवतात. मीठ पडलं की हा भार झाकला जातो, कण एकमेकांना बिलगतात आणि लाल द्रावण डोळ्यांदेखत निळं पडतं. लघवी खारट, रक्तही खारट. उघडं सोनं तिथे टिकणार कसं?

प्रतिपिंडांनी पुरतं झाकलेलं सोनंच टिकतं. त्यासाठी किती प्रतिपिंडं लागतील हे बघायला छोट्या नळ्यांची रांग लावतात. प्रत्येकीत सोनं तेवढंच, प्रतिपिंडं मात्र चढत्या प्रमाणात. थोडा वेळ थांबून सगळ्यांत मिठाचं पाणी घालतात. सुरुवातीच्या नळ्या निळ्या होतात, पुढच्या लालच राहतात. जिथून लाल रंग टिकला ते प्रमाण वहीत उतरतं, वर थोडी जास्तीची भर धरून. प्रतिपिंडं महाग, त्यामुळे ही भर किती ठेवायची यावर मुलांची बराच वेळ चर्चा चालते. सोन्याची नवी बॅच निघाली, की नळ्या पुन्हा मांडायच्या.