यकृतातला अ‍ॅडेनोमा : थांबायचं कधी, कापायचं कधी

पित्ताशयातले खडे बघायला केलेल्या सोनोग्राफीत कधीकधी भलतंच काही निघतं. रिपोर्टवर लिहिलेलं असतं, 'यकृताच्या उजव्या भागात चार सेंटिमीटरची गाठ'. मग घरात कॅन्सरशिवाय दुसरा विषय उरत नाही. प्रत्यक्षात अशी अचानक सापडलेली गाठ बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांची, म्हणजे हिमॅन्जिओमा असते आणि तिला हात लावावा लागत नाही. हिपॅटोसेल्युलर अ‍ॅडेनोमा त्या मानाने दुर्मीळ. तोही बहुधा निरुपद्रवीच, पण त्याच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

कुणाला होतो?

मुख्यतः पस्तिशी-चाळिशीच्या आसपासच्या बायकांना. गर्भनिरोधक गोळ्यांशी त्याचा संबंध असावा, हे जेनेट बाउम आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. त्या काळच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन भरपूर असे. आजच्या गोळ्यांत ते बरंच कमी असल्याने धोकाही उतरला आहे. अनेक वर्षं गोळ्या घेणाऱ्या एक लाख स्त्रियांमध्ये वर्षाला तीन-चार जणींना हा आजार होतो, असा जुना अंदाज आहे. तेव्हा हे वाचून कुणी धास्तीने गोळ्या बंद करू नयेत.

पुरुषांत तो क्वचितच दिसतो. तिथे शरीर कमावण्यासाठी घेतलेल्या अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड्सची चौकशी करावीच लागते, आणि जिमला जाणारा मुलगा हे घरच्यांसमोर कबूल करत नाही. त्याला एकट्याला विचारावं. लठ्ठपणा आणि ग्लायकोजेन साठून राहण्याचा जन्मजात विकार ही आणखी कारणं.

निदान

सोनोग्राफीत गाठ दिसते, तिची जात कळत नाही. रक्तातल्या यकृताच्या चाचण्या अनेकदा नॉर्मल असतात, अल्फा-फीटोप्रोटीनही. म्हणून खरी तपासणी म्हणजे कॉन्ट्रास्ट देऊन केलेला एमआरआय. मुख्य प्रश्न असतो तो अ‍ॅडेनोमा आणि एफएनएच यांतला फरक ओळखण्याचा. एफएनएच ही दुसरी निरुपद्रवी गाठ. तिच्यावर सहसा उपचारच लागत नाहीत. यकृताच्या पेशी शोषून घेतात असा खास कॉन्ट्रास्ट दिला, की तासाभरानेही एफएनएच उजळ राहते आणि अ‍ॅडेनोमा बहुधा काळवंडलेला दिसतो. अपवाद असतात, त्यामुळे यकृताचे एमआरआय रोज पाहणाऱ्या रेडिओलॉजिस्टचं मत घ्यावं.

बायोप्सी सरसकट करत नाहीत. गाठीत रक्तवाहिन्या पुष्कळ, सुई घातली तर रक्तस्राव होऊ शकतो. एमआरआयने उलगडा झाला नाही किंवा उत्तराने उपचार बदलणार असतील, तरच ती करावी.

जात महत्त्वाची

अ‍ॅडेनोमाचे जनुकांनुसार प्रकार पडतात. एचएनएफ-१-अल्फा प्रकारात चरबी भरलेली असते आणि धोका कमी. इन्फ्लमेटरी प्रकार सर्वांत जास्त आढळतो. तो लठ्ठपणाशी जोडलेला आहे आणि त्यातून रक्तस्राव होऊ शकतो. खरी काळजी बीटा-कॅटेनिन या जनुकातल्या बदलाची. कॅन्सरकडे झुकणाऱ्या गाठी मुख्यतः याच गटातल्या आणि पुरुषांमध्ये या गटाचं प्रमाण जास्त.

उपचार

बाईची गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर पहिला उपचार म्हणजे गोळ्या बंद करणं आणि वजन उतरवणं. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय. हे सहा महिने पेशंटला फार जड जातात. 'काढूनच टाका ना' हा आग्रह समजण्यासारखा आहे, पण इस्ट्रोजेन थांबल्यावर अनेक गाठी आकसतात. मोठ्या गाठीलाही घाई नसेल तर ही संधी द्यावी. सहा महिन्यांनंतरही ती पाच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी राहिली, किंवा वाढत असेल, तर शस्त्रक्रिया. पुरुषांत आणि बीटा-कॅटेनिन प्रकारात मात्र आकार न बघता गाठ काढण्याचाच सल्ला देतात.

अचानक उजव्या बरगडीखाली जोराची कळ आली, घाम फुटला, चक्कर आली तर थेट इमर्जन्सी गाठावी. गाठीतल्या पातळ भिंतीच्या वाहिन्यांत रोहिणीच्या दाबाचं रक्त असतं, म्हणून ती फुटते तेव्हा रक्त वेगाने जातं. अशा वेळी लगेच पोट उघडण्याऐवजी मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून त्या रोहिणीचा पुरवठा बंद करतात, याला एम्बोलायझेशन म्हणतात. गाठ काढायचा विचार पेशंट सावरल्यावर.

गरोदरपण

पाच सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ असताना मूल होऊ देण्यात अडसर नाही. दर सहा ते बारा आठवड्यांनी सोनोग्राफी करून गाठ वाढते का हे पाहतात. मोठी गाठ असेल तर आधी तिचा निकाल लावून मगच दिवस राहू देणं शहाणपणाचं.