घाटमाथ्यावरची न संपणारी मालिका

समजा, एक पटकथाकार वाहिनीच्या कचेरीत आपली गोष्ट ऐकवतो आहे. एका पर्वात मोगलांचा सरदार मोठी फौज घेऊन सह्याद्रीचा घाट उतरतो, जंगलात कोंडला जातो आणि दंड भरून सुटका करून घेतो. पुढच्या पर्वात इंग्रजांची फौज कोकणातून त्याच डोंगरावर चढून येते, कोंडली जाते आणि तहावर सही करून परत जाते. त्यानंतर दोनच वर्षांनी इंग्रजांचा आणखी एक सेनापती त्याच घाटात येऊन अडकतो आणि मार खात माघारी जातो. इथे समोरचा निर्माता हात वर करणार: अहो, तेच ते किती वेळा दाखवायचं? निदान जागा तरी बदला!

जागा बदलता येत नाही, कारण हे सगळं घडलेलं आहे. 1661 मध्ये उंबरखिंडीत, 1779 मध्ये वडगावला आणि 1781 मध्ये बोरघाटात. नकाशावर लोणावळा स्टेशन मध्ये धरून एक लहानसं वर्तुळ काढलं, तर तिन्ही प्रसंग त्यात बसतात.

जगाचा इतिहास म्हणजे कुणीतरी लिहीत असलेली लांबलचक मालिका आहे असं धरून तिच्यातल्या चुका काढण्याचा खेळ मला फार आवडतो. जॉन अॅडम्स आणि थॉमस जेफरसन हे अमेरिकेचे दोन माजी राष्ट्राध्यक्ष 4 जुलै 1826 या एकाच दिवशी वारले, आणि तोही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा पन्नासावा वाढदिवस! कादंबरीत हे कोण खपवून घेईल? नेपोलियनला हरवून बेटावर पाठवलं, तर तो पुढच्या वर्षी परत हजर. फ्रान्समध्ये राजा बदलला तरी नाव लुईच. आपल्याकडेही दोन शिवाजी, दोन शाहू, दोन बाजीराव आणि दोन माधवराव. दुसऱ्या माधवरावांना ‘सवाई’ म्हटल्यावर कुठे घोळ थोडा कमी होतो.

मावळात मात्र हा खेळ खेळायला बसलं की तो हळूहळू गंभीर होत जातो. जे सुरुवातीला लेखकाच्या आळसासारखं दिसतं, त्यामागे दर वेळी सबळ कारण निघतं, आणि बहुतेक वेळा ते कारण घाट हेच असतं. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटरवर आहे आणि खाली खोपोली शंभर मीटरच्याही आत. मध्ये साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांची सरळसोट भिंत. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांत उतरलेला माल देशावर न्यायचा, किंवा देशावरची फौज कोकणात उतरवायची, तर या भिंतीतल्या मोजक्याच फटींतून जावं लागणार. बोरघाट त्यातला मुख्य, शेजारी कुरवंड्याची वाट. जो येईल त्याला इथूनच जायचं आहे. मग कथानक दुसरीकडे कसं हलेल?

पहिलं पर्व कार्ल्याला. एकविरेच्या देवळामागचं चैत्यगृह आपण ‘लेणं पाहिलं’ म्हणून उरकतो, पण त्या भिंतींवर पात्रपरिचय कोरलेला आहे. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल नावाचा शेठ सांगतो की जंबुद्वीपातलं हे सर्वोत्तम शैलगृह त्याने पूर्ण केलं. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याने दार दिलं. त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने दाराचं काम केलं. खांबांवर आपली नावं लिहवून घेणाऱ्यांत यवनही आहेत. सुमारे 45 मीटर लांबीचं, देशातलं सगळ्यात मोठं चैत्यगृह. त्याच्या छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतरही वर दिसतात. आणि खालच्या माणसांची नावंसुद्धा टिकली आहेत. याच लेण्यात मला सगळ्यात आवडणारा कथानकाचा पेच आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्खूंना करजिक नावाचं गाव दान दिलं. पुढे सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केला. गौतमीपुत्र सातकर्णीने तर शत्रूची चांदीची नाणी गोळा करून त्यांवर आपले छाप मारले. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला 1906 मध्ये अशी हजारो नाणी सापडली. इतका राग असलेल्या माणसांनी शत्रूने दिलेलं गाव काढून घ्यायला हवं होतं. पण कार्ल्याचाच दुसरा लेख सांगतो की मावळच्या अमात्याला आज्ञा गेली आणि तेच गाव, त्याच भिक्खूंना, नव्या राजवटीने पुन्हा दिलं. गादीवर कोणीही असो, घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तांड्यांना मुक्काम हवा होता आणि तो मुक्काम भिक्खूंच्या हाती होता, असं मला वाटतं. नाणं पुसून चालत होतं, विहार बंद करून चालत नव्हतं.

मधली बरीच शतकं आपण ओलांडू आणि फेब्रुवारी 1661 मध्ये येऊ. पुण्यात तळ ठोकून बसलेल्या शाइस्ताखानाने कारतलबखान नावाच्या उझबेक सरदाराला कोकण काबीज करायला पाठवलं. सोबत माहूरची सरदार रायबागन. कारतलबखानाने गाजलेला बोरघाट सोडून कुरवंड्याची आडवाट धरली. खाली चावणी गावाजवळ, उंबरखिंडीच्या दाट रानात, फौज एका रांगेत लांबलेली, तहानेने व्याकूळ झालेली, आणि पुढे-मागे दोन्हीकडे मावळे. रायबागनने खानाला शरण जायचा सल्ला दिला. शिवाजी महाराजांनी खंडणी घेऊन सामानसुमान ठेवून घेतलं आणि माणसं सोडून दिली. कत्तल न करता एवढी मोठी फौज निकामी करणं हे मला या पर्वातलं सर्वांत मोठं यश वाटतं, आणि तरीही प्रतापगड आणि लाल महालाच्या मानाने त्याची गोष्ट फार कमी सांगितली जाते.

1714 चं पर्व तर लोणावळ्यातच घडलं. कान्होजी आंग्रे तेव्हा ताराबाईंच्या बाजूला होते. त्यांनी लोहगड घेतला आणि शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केलं. नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ फौज घेऊन आले, पण वळवणजवळ लढाईऐवजी बोलणी झाली. आंग्रे शाहूंच्या बाजूला आले, पेशवे सुटले. टीआरपीच्या दृष्टीने अगदी सपक भाग! पण मराठ्यांचं आरमार आणि पेशवाई एका बाजूला आणणारा हा भाग नसता, तर पुढची कितीतरी पर्वं लिहिलीच गेली नसती.

जवळच्या तळेगावात दाभाड्यांचं घर. सेनापती त्रिंबकराव दाभाडे 1 एप्रिल 1731 रोजी डभईच्या लढाईत बाजीरावाविरुद्ध लढताना पडले. त्यांच्या आई उमाबाईंनी त्यानंतर सेनापतिपदाची जबाबदारी स्वतः पेलली आणि अहमदाबादवर स्वारी केली. शाहूंनी दोन्ही घरांत समेट घडवला, तरी जखम भरली नाही. जवळपास वीस वर्षांनी उमाबाई ताराबाईंच्या बाजूने बाजीरावाच्या मुलाविरुद्ध, नानासाहेब पेशव्यांविरुद्ध, उभ्या राहिल्या. इतका लांब धागा जपून ठेवणारा लेखक आज मिळणं कठीण आहे.

आता वडगाव. डिसेंबर 1778 अखेर मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून खंडाळ्याला आली. शिपाई चार हजारांच्या आत आणि सामान ओढणारे बैल एकोणीस हजार. शिवाय सोबत पेशवेपदावर हक्क सांगणारे रघुनाथराव. ज्यांच्या मोहिमेने 1758 मध्ये मराठी झेंडा अटकेपर्यंत नेला, तेच रघुनाथराव वीस वर्षांनी इंग्रजांच्या छावणीतून पुण्याकडे निघाले होते. खलनायक म्हणून एवढ्याच जागी त्यांच्याकडे पाहिलं तर या माणसाचं अर्धं आयुष्य हातातून निसटतं. समोर नाना फडणवीस, हरिपंत फडके आणि पानिपतात पाय अधू झालेले महादजी शिंदे. मराठ्यांनी एक मोठी लढाई देण्याऐवजी रोज थोडं थोडं कुरतडलं: चारा जाळला, बाजूंनी तोफा डागल्या, बैलांची रांग तोडली. फौज दिवसाला मैलभरसुद्धा सरकेना. 4 जानेवारी 1779 रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. सेनापती एगर्टन आजारी पडला. 9 तारखेला तळेगाव आलं तर गाव जळलेलं, धान्याचा दाणा नाही. पुणे तिथून एक-दोन मजलांवर होतं! 11 तारखेच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि गुपचूप परतीची वाट धरली. वडगावला पोचेपर्यंत चारी बाजूंनी वेढले गेले. 16 जानेवारीला तह झाला: 1773 पासून घेतलेला मुलूख परत, रघुनाथराव हवाली.

या पर्वाचा उपसंहार मात्र शत्रूच्या नावावर आहे. ज्या स्ट्युअर्टला मराठी फौजेने मारलं, त्याच्या धाडसावर तीच फौज इतकी खूश की त्याला ‘इष्टूर फाकडा’ असं नाव मिळालं, आणि वडगावात त्याची समाधी लोकांनी देवस्थानासारखी मानली. मावळातल्या माणसांचा मोठेपणा सांगायला मला याहून चांगला पुरावा माहीत नाही.

गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जने वडगावचा तह धुडकावला, रघुनाथराव निसटले, आणि 1781 च्या फेब्रुवारीत जनरल गॉडर्ड बोरघाटात येऊन बसला. एप्रिलमध्ये पनवेलकडे परतताना हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकरांच्या फौजांनी त्याला अक्षरशः ओरबाडलं. त्याची चारशेवर माणसं मेली किंवा जखमी झाली. म्हणजे दोनच वर्षांत तीच गोष्ट पुन्हा. पण गॉडर्ड काही वडगाव विसरला नव्हता. मुंबईहून पुण्यावर यायला दुसरा सोपा रस्ता नव्हता, एवढंच.

या सगळ्यानंतर 1818 चा भाग वाचताना जीव कळवळतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कर्नल प्रॉथरने विसापूर घेतला, आणि पाठोपाठ लोहगड लढाईवाचून गेला. नाना फडणवीसांनी ज्या गडावर बाव बांधली, तो गड असा सुटला. लेखकाने शेवट घाईत गुंडाळला अशी तक्रार इथे कुणीही करेल. पण पुणे आधीच, नोव्हेंबर 1817 मध्ये गेलं होतं. विसापूर लोहगडाहून उंच आणि अगदी लागून आहे. तिथे तोफा चढल्यावर लोहगड धरून ठेवणं अवघडच होतं. दोन्ही गड ज्यांनी पायी पाहिले आहेत त्यांना हे पानभर समजावून सांगायची गरज पडत नाही.

मग घाट फौजेऐवजी रुळांनी चढायचं ठरलं. 1856 ते 1863, सात वर्षं, 25 बोगदे, 37 फुटांत एक फूट इतका उभा चढ. यातला एक प्रसंग कुणी रचला असता तर खोटा वाटला असता. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची विधवा अॅलिस ट्रेडवेल हिने ठेका सोडला नाही. तिने इंजिनियर नेमले आणि घाटाचं काम पुढे चालू ठेवलं. 1861 मध्ये इथे एकाच वेळी सुमारे 42 हजार मजूर खपत होते. पटकी आणि हिवतापाने त्यांतले हजारो दगावले. 1859 मध्ये मजुरी थकली म्हणून त्यांनी दंगाही केला होता. अॅलिसचं नाव आपल्याला माहीत आहे. मजुरांची नावं? लोकांनी आठवणीत ठेवलं ते एकच: शिंग्रोबा. या धनगराने साहेबांना घाटाची वाट दाखवली आणि त्याला गोळी घातली गेली, असं सांगतात. खोपोलीच्या बाजूला जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे आणि ड्रायव्हर तिथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. कार्ल्याच्या सुताराचं नाव दोन हजार वर्षं टिकलं आणि अवघ्या दीडशे वर्षांपूर्वीच्या 42 हजारांपैकी एका दंतकथेतल्या माणसाचं नाव उरलं, हे मला सहन होत नाही.

इतिहासाची खरोखरच मालिका करणारे लेखक मराठीत होऊन गेले. नाथमाधवांनी स्वराज्यावर कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहिल्या, वि. वा. हडपांनी ‘कादंबरीमय पेशवाई’ लिहिली, आणि घराघरांत माणसं पुढच्या भागाची वाट पाहत राहिली. या मालिकेचे धागे जुळवून ठेवणारा माणूस मात्र मावळातच राहत होता. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याची नोकरी संपवून कामशेतला येऊन राहिले आणि 1959 मध्ये वारेपर्यंत तेच त्यांचं गाव. ‘मराठी रियासती’चे उरलेले खंड, पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड, हे काम या काळातलं. इतिहासकार जदुनाथ सरकारही कामशेतला येत. कोणत्या तारखेला कोण कुठे होतं, हे कागदावरून ताडून पाहायचं आणि जुळलं नाही तर आवडता प्रसंगसुद्धा गाळायचा, ही सरदेसायांची शिस्त. कादंबरीकाराला यातलं काही नसलं तरी चालतं, आणि दोघांचंही लेखन मी सारख्याच ओढीने वाचते. पण रघुनाथरावांची अटकेपर्यंतची मोहीम आणि तळेगाव एकाच आयुष्यात ठेवून बघायचं धैर्य मला रियासतीने दिलं.

चालू पर्वही घाटाचंच आहे. 1830 पासून उभा असलेला अमृतांजन पूल एप्रिल 2020 मध्ये पाडला. एक्स्प्रेसवेच्या नव्या जोडरस्त्यासाठी जवळपास नऊ किलोमीटरचा बोगदा खोदला तो लोणावळ्याच्या तलावाखालून. जुलै 2025 मध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. ज्यांना मागचे भाग बघायचे आहेत त्यांनी पुण्याहून लोणावळ्याची लोकल पकडून मळवलीला उतरावं. दक्षिणेला भाजे लेणी आणि त्यांच्या डोक्यावर विसापूर-लोहगड, उत्तरेला रस्ता ओलांडून कार्ले. लेण्यात गेल्यावर मोबाइल आधी कमानीकडे न वळवता खांबांवरच्या अक्षरांकडे वळवा. आणि येताना वेळ उरलाच, तर वडगावला उतरून इष्टूर फाकड्याची समाधी कुठे आहे हे कुणालाही विचारा.